काढून बघूया!

बंद पडलेल्या वस्तूपेक्षा अर्धवट चालणारी वस्तू आमच्या काकांना जास्त आवडते. बंद पडलेली वस्तू मेकॅनिककडे जाते. अर्धवट चालणारी घरी राहते, आणि घरी राहिलेल्या वस्तूवर पहिला हक्क काकांचा. मिक्सर अडखळला, पंखा कुरकुरला, घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडू लागलं, की काका चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, ‘‘काढून बघूया!’’ ‘बसवून बघूया’ असं ते म्हणाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. घरात बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात आजवर उरलेले स्क्रू, वायसर आणि स्प्रिंगा आहेत. काकू त्यांना ‘अस्थी’ म्हणतात.

काका एसटीत कंडक्टर होते. इंजिनाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध घंटीच्या दोरीपुरता. पण तीस वर्षं इंजिनाचा आवाज कानावर पडत राहिला, की माणसाला आपण डॉक्टर झाल्यासारखं वाटू लागतं. ‘‘ड्रायव्हर फक्त चालवता, आयकता तो कंडक्टर,’’ असं त्यांचं म्हणणं.

घर देवबागला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर. चुलतभाऊ बाबूची फायबरची होडी आहे आणि तिला आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. मे संपता संपता होडी माडाखाली उपडी पडते, इंजिन गोणपाटात गुंडाळून पडवीत येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला. मग नारळी पौर्णिमा जवळ आली की इंजिनाला जाग आणायची. ही जाग काकांच्या देखरेखीखाली आणली जाते.

यंदा मी तिथे होतो. माडाला फळी बांधून तिच्यावर इंजिन टांगलं. खाली अर्धा कापलेला निळा ड्रम, त्यात विहिरीचं गोडं पाणी, पंखा आणि पाणी ओढायची जाळी बुडेल इतकं. ‘‘सुक्या चालवलास तर आतलो रबराचो पंखो जळतलो,’’ काकांनी मला बजावलं. ते खरं होतं. काका बोलतात ते बहुतेक खरंच असतं, हीच तर अडचण आहे. उन्हाळ्यातलं शिळं पेट्रोल त्यांनी आधीच काढून टाकलं होतं. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतली ओल पितं, हेही त्यांनी सांगितलं. मग ताजं पेट्रोल, लिटरला वीस मिली तेल औषधाच्या मापाने मोजून, टाकी गळ्यापर्यंत भरली.

सुरू करण्याआधी काकांचा एक नेम असतो. गाडी सुटण्याआधी जसे प्रवासी मोजायचे, तसं टाकीचं झाकण उघडून त्यात झाडूचा हीर बुडवायचा आणि पेट्रोल कुठवर आहे ते बघायचं. मग झाकण घट्ट लावायचं. झाकणावरचा बारका स्क्रूही चिमटीत धरून पक्का पिळायचा. घरात पेट्रोलचा वास सुटू नये म्हणून. त्यानंतर दोरीचे दोन झटके. डबल बेल.

इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाजूच्या भोकातून छान पडू लागली. काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू ते पाणी त्यांनीच पाठवलंय. दहाएक मिनिटं गेली. मग इंजिन अडखळलं, ठसकलं, एकदा जोरात शिंकलं आणि थांबलं.

‘‘प्लग काळो पडलो,’’ काका म्हणाले. ‘‘काढून बघूया!’’

प्लग काढला. काळा होताच; टू-स्ट्रोकचा प्लग गोरा कधी असतो? पॉलिशपेपरने घासला, बसवला. हीर बुडवून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं, स्क्रू पिळला, डबल बेल. इंजिन सुरू! काकांनी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने खाकरून घेतलं. दहा मिनिटांनी इंजिन पुन्हा ठसकलं आणि थांबलं.

मग फिल्टर. काढला, धुतला, हीर, झाकण, स्क्रू, डबल बेल. दहा मिनिटं इंजिन सुरेख. मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा. तो दाबला की पुन्हा फुगेचना, म्हणून ‘‘फुगो गेलो’’ असं ठरलं आणि बाबू मालवणातून नवा घेऊन आला. हीर, झाकण, स्क्रू, दहा मिनिटं. प्रत्येक उपाय लागू पडत होता आणि एकही टिकत नव्हता. काकांना यात विसंगती दिसत नव्हती. त्यांच्या मते इंजिनाला एक नव्हे, चार आजार होते आणि त्यातले तीन त्यांनी बरे केले होते.

चौथा आजार अर्थातच कार्ब्युरेटर. आमच्याकडे होडी चालो न चालो, सल्ला देणाऱ्याचा ‘‘कार्ब्युरेटरात कचरो आसा’’ हा शब्द वाया जात नाही. परब, केळूसकर, तांडेल असे कुंपणापलीकडचे सगळे आले, प्रत्येकाने मान डोलावली. वर्तमानपत्रावर कार्ब्युरेटर सुटा झाला. जेट फुंकले. केसाएवढ्या तांब्याच्या तारेने भोकं साफ केली. फुंकताना काकांच्या मिशीला पेट्रोल लागलं, त्यामुळे दिवसभर बिडी बंद. काकूंच्या मते एवढा एक फायदा खरा.

काकांनी याच मुहूर्तावर आउटबोर्डचा इतिहास सांगितला. ओल एव्हिन्रूड नावाच्या अमेरिकेतल्या नॉर्वेजियन माणसाने १९०९ साली आपलं आउटबोर्ड विकायला काढलं. तळ्याच्या पलीकडून बेससाठी, म्हणजे त्याच्या भावी बायकोसाठी, होडी वल्हवत आइस्क्रीम आणताना ते वितळलं, म्हणून त्याला ही कल्पना सुचली अशी कथा आहे. ‘‘बाईच्या हट्टापायी इंजिन जन्माक इला,’’ काका म्हणाले. त्या बाईने पुढे धंद्याची सगळी बाजू सांभाळली, हे मी सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही.

कार्ब्युरेटर बसला. एक स्प्रिंग उरली. हीर, झाकण, स्क्रू, डबल बेल. दहा मिनिटं.

इंजिन ठसकून थांबलं तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या पाहत होत्या टाकीकडे.

‘‘ह्या टाकीचा पोट खपाटीक कित्याक गेला? उपाशी ठेवलात काय हिका?’’

खरोखरच प्लास्टिकच्या टाकीच्या दोन्ही कुशी आत ओढल्या गेल्या होत्या. काका म्हणाले, ‘‘पेट्रोल भरपूर आसा. आताच हीर घालून बघलंय.’’

‘‘पेट्रोल आसात. पण तेलाच्या डब्याक दुसरो बुराक पाडल्याशिवाय तेल तरी भायर येता काय?’’

काकूंनी कप खाली ठेवला आणि झाकणावरचा स्क्रू दोन आटे सैल केला. फुस्स झालं. टाकी पाठीत धपाटा बसल्यासारखी टपकन सरळ झाली. त्यानंतर इंजिन तासभर चाललं. ड्रममधलं पाणी कोमट झालं, म्हणून शेवटी बाबूनेच बंद केलं.

मग माझ्या लक्षात आलं. इंजिन पेट्रोल ओढत होतं, टाकीत हवा शिरायला वाट नव्हती. दहा मिनिटांत टाकीच उलटी इंजिनाशी ओढाताण करू लागायची. काका दर वेळी हीर बुडवायला झाकण उघडत आणि नकळत तिला श्वास देत. श्रेय मात्र प्लगला, फिल्टरला, फुग्याला. त्यांचं ज्ञान चुकीचं नव्हतं, ते दुसऱ्या टोकाकडून सुरू होत होतं. सोपं कारण मोठ्या माणसाला शोभत नाही, हा त्यांचा खरा बिघाड, आणि त्याला सुटा भाग मिळत नाही.

नारळी पौर्णिमेला खाडीवर काका पाच जणांना सांगत होते, ‘‘आधी टाकीचो श्वास बघूचो. माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतंय.’’ काकू शेजारीच नारळ धरून उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

तर वाचकहो, आउटबोर्ड दहा मिनिटं नीट चालून ठसकत असेल, तर काहीही काढण्याआधी टाकीच्या झाकणावरचा स्क्रू सैल करा. आणि उरलेली ती स्प्रिंग कशाची, हे कुणाला ठाऊक असेल तर काकांना नका सांगू. ते काढून बघतील.