रोज वेगळ्या बाईशी!

“तुला म्हणून सांगते, कुणाजवळ बोलू नको,” असं काकूंनी म्हटलं, की बातमी गल्लीच्या टोकाला जाऊन परत आली आहे असं समजायचं. 2025ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आमच्या आणि त्यांच्या अंगणांमधली भिंत जेमतेम छातीएवढी. तिच्यावर दोन्ही कोपरं टेकवून काकूंनी आवाज खाली आणला. “वरच्या खोलीतला कन्नडवाला. रात्रीचे अकरा वाजले की फोन लावतो. अन् रोज वेगळ्या बाईशी बोलू राहिला!”

काकूंच्या भाडेकरूंना नावं नसतात, तालुके असतात. कन्नडवाला, सोयगाववाली, वैजापूरचे दोघे भाऊ. आमच्या पहाडसिंगपुऱ्यात यात नवल काही नाही. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी 1950 साली काढलं, 1958 साली विद्यापीठ आलं, आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांची पोरं या अंगाला राहायला येऊ लागली. मजला चढवायचा तो खोल्या भाड्यानं देण्यासाठीच, हा इथला बांधकामाचा पहिला नियम.

“तुम्ही ऐकलंत कसं पण?”

“मी काही कुणाच्या बोलण्याला कान देत नाही बाई. गच्चीवर पापड राहिले होते, ते आणायला गेले.”

“रात्री अकराला?”

“दव पडतं की!” काकू पुढं सरकल्या. “तर म्हणतो कसा, ‘मावशी, आला का? हळूहळू सांगा, घाई नका करू.’ मग थोड्या वेळानं म्हणतो, ‘आता काकांचा फोन घ्या. झोपले? उठवा त्यांना.’ मला तर घामच फुटला. बाईच्या नवऱ्याला उठवायला सांगतो, काय हिंमत!”

दोन दिवस हे प्रकरण चांगलंच तापलं. खोली खाली करायला सांगायची की आधी त्याच्या बापाला फोन करायचा, इथपर्यंत मजल गेली. शेवटी काकूंनी चहाच्या निमित्तानं त्याला खाली बोलावलं आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली. निकाल त्यांनी भिंतीवरून मला सांगितला तेव्हा आवाज जरा पडलेला होता. “अगं, पोरीबिरी कुठल्या! तलाठी झालाय तो गावाचा.”

झालं होतं असं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार चालू राहायला सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली होती. साइटवर बाईचा आधार नंबर टाकायचा, तिच्या मोबाइलवर ओटीपी येणार. मग नवऱ्याचा किंवा बापाचा आधार टाकायचा, त्याच्या मोबाइलवर दुसरा ओटीपी येणार. दिवसा साइट उघडत नव्हती. आणि उघडली असती तरी उपयोग नव्हता, कारण दिवसा फोन घरात नसतो. तो धन्याबरोबर शेतात नाही तर मोंढ्यात असतो, संध्याकाळी आला की पोराच्या हातात जातो. बाईच्या हाती फोन लागतो तो भांडी घासून झाल्यावर. म्हणून रात्रीचे अकरा.

नवऱ्याचं नाव घ्यायला जी बाई लग्नात लाजली, तिला आता त्याचा ओटीपी घ्यावा लागतो, आणि उखाण्यात तो बसत नाही.

कन्नडवाल्याची एक दोनशेपानी वही आहे. काकूंनी ती डोळ्यांनी पाहिली. बाईचं नाव, नात्यानं कोण लागते, आधार, मोबाइल, शेवटी बरोबरची खूण किंवा फुली. हे ऐकून मला मात्र पोटात गोळा आला. त्याच्या आधी कितीतरी महिने कुणालाही फोन लावला की पहिल्यांदा बच्चनचा आवाज यायचा: ओटीपी कुणाला सांगू नका, फसाल. आणि इथं अख्ख्या गावातल्या बाया रोज रात्री शहरातल्या एका पोराला ओटीपी वाचून दाखवत होत्या. पोरगं सरळ आहे म्हणून बरं. तीच वही भलत्याच्या हाती पडली तर काय होईल, हा विचार मी काकूंपुढं बोलून दाखवला. त्यांनी मलाच झापलं. “मग त्यांनी कुणाला सांगायचं? बच्चनला?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

“पण गावात शिकलेलं कुणीच नाही का?” मी विचारलं. कारण फोन नाहीत असं तर कुणी म्हणणार नाही. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, फुकट डेटा मिळाला आणि वर्षा-दोन वर्षांत पारावरच्या म्हाताऱ्यांच्याही हातात काचेचा फोन आला.

“फोन हाय गं, नंबर नाही,” काकू म्हणाल्या.

हे मला सोयगाववालीनं नीट उलगडून सांगितलं. ती बीएडला आहे आणि भिंतीवरच्या बैठकीत अधूनमधून सामील होते. तिच्या आईचा आधार ज्या नंबराला जोडलेला होता, ते सिम केव्हाच मेलं. घरात चार माणसं, रिचार्ज मारायचा कुणाकुणाचा? 2024च्या जुलैत कंपन्यांनी दर वाढवले, जिओचा दिवसाला दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक 299 रुपयांवर गेला. बापाचा रिचार्ज होतो, कारण त्याला व्यापाऱ्याचा फोन येतो. पोराचा होतो, कारण ते घर डोक्यावर घेतं. आईचा राहतो. काही महिने राहिला की कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकते. म्हणजे सोयगावच्या बाईचा ओटीपी आता कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो आणि तो बिचारा ‘हे काय’ म्हणून पुसून टाकतो.

नवा नंबर जोडायचा तर तेव्हा आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागायचा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पण रोज तर पूर्ण मोडायचा.

त्याहून अवघड गोष्ट कन्नडवाल्याच्या सख्ख्या आत्याची. नवरा वारलेला, बाप त्याच्याही आधी गेलेला. साइट विचारते, नवऱ्याचा किंवा बापाचा आधार टाका. टाकणार कुणाचा? वहीत तिच्यासमोर ना बरोबर ना फुली, नुसतं टिंब. पुढं सरकारच्याही हे ध्यानात आलं. अशा बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं द्यावा अशी सोय निघाली, मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. पण मधले दोन महिने त्या बाईनं काय विचार केला असेल? कन्नडवाला सांगत होता, आत्या त्याला म्हणाली, “बाबा, वर फोन लागतो का बघ.”

इथं समोरचे काका फाटक उघडून आले. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेत, आणि मोबाइलमुळं पिढी बिघडली असं सांगत फिरणं हे त्यांचं पेन्शनीतलं काम आहे. “सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचं वडगाव घ्या. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरं पुस्तकं काढून बसतात. 2022पासून चाललंय. आपल्याकडं का होत नाही?”

“आपल्याकडं भोंगा वाजला तर लोक हंडे घेऊन पळतील,” काकू म्हणाल्या. “पाणी आलं वाटून.”

काका हसले नाहीत. जायकवाडी भरलेलं असतं आणि शहराला नळ आठवडा-आठवडा दिसत नाही, हे पाटबंधाऱ्याच्या माणसाला हसण्यासारखं नाही. खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत मोबाइलचा सगळ्यांत मोठा उपयोग तोच. ‘आज आपला नंबर आहे का?’ एवढ्या एका प्रश्नासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढलाय, बाकी त्यावर फुलं आणि सुप्रभात.

काकांचं सगळंच खोटं आहे असंही नाही. वैजापूरचे भाऊ रात्री दोन-दोनपर्यंत रील बघतात, सकाळी दहाला डोळे चोळत उठतात. थोरल्याचे दोन पेपर राहिलेत. पण काचेवर झुकलेलं प्रत्येक डोकं एकाच कामात आहे असं धरून चालायचं कसं? कन्नडवाला वाकलेला असतो तेव्हा पाहणाऱ्याला तेच दिसतं. आत मात्र बापाची ई-पीक पाहणी असते, धाकट्या बहिणीचा महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म असतो, अतिवृष्टीच्या अनुदानासाठी चुलत्याचा फार्मर आयडी असतो. पीक पाहणीचा फोटो तर बांधावर उभं राहूनच काढावा लागतो, जागा बरोबर लागली पाहिजे. त्यासाठी तो शनिवारी एसटीनं घरी जातो. मका आणि अद्रकीचे फोटो काढून रविवारी परत. विद्यापीठात तो एम.ए. करतोय, हे मी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला आठवलं.

काकांनी नोव्हेंबरात आपलं हयातीचं प्रमाणपत्रही त्याच्याकडूनच काढून घेतलं. फोनसमोर चेहरा धरायचा, पापणी मिटायची, की माणूस जिवंत. काकूंनी हे मला भिंतीवरून सांगितलं तेव्हा काका ऐकतील एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

त्याच गप्पांत दोन वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. 2023च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जिल्ह्याच्या ग्रामीण भागातलं मोबाइल इंटरनेट बंद केलं होतं. नुसते फोन लागत होते. तेव्हा सोयगाववाली इथंच शिकायला होती. गावाकडून बाप तिला फोन करून विचारायचा, “आपल्या फाट्यावर काय चालू हाय, बघ बरं तुझ्या मोबाइलात.” फाटा त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पोरगी इकडं. गावाची खबर गावाला शहरातून जात होती.

“त्यात काय एवढं,” काकू म्हणाल्या. “माझ्या घरी हेच चालायचं.”

आणि मग त्या अशा काही खुलल्या, की माझा गॅसवरचा कुकर तिसरी शिट्टी मारून गेला. गल्लीतला पहिला फोन काकूंकडं. भाडेकरू पोरं घरच्यांना तोच नंबर कळवायची, शेजारीपाजारीही तोच द्यायचे, पुढं कंसात पीपी लिहून. कुणाला नोकरी लागली, कुणाचा आजा गेला, कुणाच्या सोयरिकीत कुठं पाणी मुरलं, सगळं आधी काकूंच्या कानावर. एसटीडी महाग, म्हणून लोक रात्री उशिरा पाव दर लागल्यावर फोन करायचे. काकू झोपेतून उठून जिन्यात हाक मारायच्या आणि बोलणं होईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. “मदतीला,” त्या म्हणतात.

त्यांचं हे पद मोबाइलनं काढून घेतलं. 1995 साली देशात पहिला मोबाइल वाजला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडायचे, येणाऱ्या फोनलाही पैसे. त्याची काकूंना फिकीर नव्हती. पण 2003मध्ये येणारे फोन फुकट झाले, पाचशे एक रुपयात हातात मोबाइल देणारी योजना निघाली, आणि वर्षभरात जिन्यात हाक मारायची गरज संपली. काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, पुढं हजार रुपये भरून ‘लाइफटाइम’वालं कार्ड घेतलं होतं. ते कार्ड आधी गेलं, काका अजून आहेत.

“आता या पोराकडं गेलं बघ ते काम,” काकू म्हणाल्या. रागानं नाही. पण थोडं लागलेलं होतं. “त्या बायांना तोंडानं सांगायला माणूस लागतंच. साइट काय ऐकून घेती व्हय?”

माझ्या मनात वहीचा विषय अजून होता. काम झालं की पानं फाडून टाक, असं मी कन्नडवाल्याला जिन्यात गाठून सांगितलंच. तो म्हणाला, “फाडतो ताई, पण पुढच्या वेळी परत लिहावं लागेल.” पुढची वेळ येणार नाही असं मीही म्हणू शकले नाही.

काकूंना वहीत दुसरंच काही दिसतं. परवा कपडे वाळत घालता घालता त्या म्हणाल्या, “पोरगं शेतकऱ्याचं. नोकरी नाही. आजकाल अशाला पोरगी कोण देतं, सांग बरं?”

“अवघड आहे.”

“अवघड कशाचं! रोज रात्री इतक्या जणींशी गोड बोलतो. सगळ्या मावश्या, आत्या, काकू. त्यातल्या निम्म्या जणींना लग्नाच्या लेकी असतील.” चिमटा तोंडात धरून त्यांनी साडी तारेवर ओढली, मग चिमटा काढून म्हणाल्या, “फक्त ती सोयगाववाली का गं हल्ली पापड आणायला वर जायला लागलीय?”