वरून आदेश नाही

सातारा पेन्शनरांचं गाव. तिथं सकाळी फिरायला निघालेली माणसं आधी एकमेकांच्या झोपेची चौकशी करतात. आमचे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही," ते रोज सांगतात, आणि काकू आतून घोरण्याचा हिशेब देतात. दोघंही खरं बोलत असावेत. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते, मेंदूतल्या तिच्या संथ लाटा बुटक्या होतात. घोरायला उथळ झोपही पुरते.

सांगलीच्या मार्केट यार्डात भर दुपारी, हळदीच्या सौद्यांच्या कलकलाटात, पोत्यांवर गाढ झोपलेला हमाल पाहून काकांना हेवाच वाटला. "याला आदेश येतो कुठून?"

कागद आल्याशिवाय काही हलत नाही, ही काकांची हयातभराची श्रद्धा. झोपेच्या तालाबद्दल शास्त्रज्ञांचीही बराच काळ साधारण तशीच होती: मेंदूच्या गाभ्यातला थॅलॅमस साहेब, आणि वरची सुरकुतलेली साल, कॉर्टेक्स, हुकमाची ताबेदार. (इथं साहेब खालच्या मजल्यावर बसतो, एवढाच फरक.) 1993 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मिर्चा स्टेरियाडे आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या मांजरांत सेकंदाला एकाहूनही कमी वेळा येणारी लाट नोंदवली. थॅलॅमस निकामी केला, तरी ती थांबली नाही. पुढं 2000 मध्ये कॉर्टेक्सच्या नुसत्या कापातही ती उमटलेली दिसली. साहेब नसताना कचेरी चालते, हे काकांना मुळीच आवडलं नाही.

चालते ती अशी. जागेपणी प्रत्येक चेतापेशी आपापल्या फायलीत असते. गाढ झोपेत सगळ्या एकदम बडबडतात, बडबडून दमतात आणि एकदम गप्प होतात. तरी पेशींच्या सांध्यांवर रसायनाची बारीकशी गळती चालूच असते. तिचे धक्के साठत साठत पाचव्या थरातली एखादी मोठी पेशी चेतवतात, की शेजारपाजार सुरू. साहेब अगदीच बिनकामाचा नाही, या तालात त्याचाही हात असतोच. पण सुरुवातीला त्याची सही लागत नाही.

"मग सुरुवात करतं कोण?"

ठरलेलं असं कुणी नाही. मात्र 2004 मध्ये झोपलेल्या माणसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लाट बहुतेकदा कपाळामागून निघून मागं सरकताना दिसली.

काका विचारात पडले. "म्हणजे पुढच्या टेबलावरचे आधी झोपतात? आमच्याकडं मागच्यांनी कधी त्यांची वाट पाहिली नाही."