मासा निमित्तमात्र

माशाच्या आमटीत मासा महत्त्वाचा नसतो, असं म्हटलं की मालवणपासून मडगावपर्यंतची माणसं दुखावतात. पण त्यांच्याच पानाकडे बघावं. बांगड्याचा तुकडा एक, फार लाड असले तर दोन. भात मात्र तीनदा. "आणखी तुकडा वाढू?" याला भिडेखातर "नको नको" म्हणणारा पाहुणा "वहिनी, जरा रस वाढा" म्हणताना मुळीच भीड बाळगत नाही.

हा रस सगळा वाटपावर उभा. ओलं खोबरं, भिजवलेली बेडगी मिरची, धणे, हळद, आणि हे सगळं गंधासारखं मऊ वाटायचं. चार फोडी कांदा घालावा की घालू नये, या प्रश्नावर दोन जावा एका घरात आयुष्य काढतात आणि निकाल लागत नाही. दोघीही आपलीच कृती हजारो वर्षांची म्हणून सांगतात. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, त्याआधी ही आमटी लाल असणंच शक्य नव्हतं, हे त्यांना सांगायला जाऊ नये. वाढपाच्या वेळी तर नाहीच.

मग तिरफळ. ते वाटायचं नसतं; बी काढून, साल जरा ठेचून रसात सोडायचं. सेचुआन मिरीच्याच कुळातलं हे फळ, त्यामुळे दाताखाली आलं की जीभ बधिर. घाटावरचा जावई पहिल्या जेवणात ते चावतो, डोळे विस्फारतो आणि शब्द सापडत नसल्यानं स्वयंपाकाची स्तुती करतो. "ते बाजूला काढून ठेवायचं असतं हो," हे सासूबाईंना नेमकं त्यानंतर आठवतं.

तिरफळाला जोडीदार तेलकट लागतो: बांगडा, तारली, पेडवे. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. हरकत नाही. पापलेट देखणं, काट्यांचा त्रास न देणारं, समारंभात शोभणारं. पण तिरफळासमोर त्याचा आवाज फुटत नाही. बांगड्याला मानसन्मान नाही, वास आहे, आणि आमटीला तोच हवा असतो.

तुकडे रसात पडले की करणारीचं काम जवळजवळ संपतं. सोलं टाकायची, डाव घालायचा नाही, पातेलंच कडांना धरून हलवायचं, उतरवताना वरून कच्चं खोबरेल. फोडणीबिडणी काही नाही. मासा तेवढ्यात शिजतोही. त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं नसतं.

खरा पुरावा पावसाळ्यात मिळतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पुढे श्रावण. मासा गेला म्हणून वाटप थांबत नाही. त्याच रसात, त्याच तिरफळासकट मक्याच्या कणसाचे तुकडे पडतात, नाहीतर आठळ्या. जेवणारा कणीस चोखत, बोटं चाटत म्हणतो, "अगदी माशाच्या आमटीसारखी झालीय." म्हणजे मासा नसतानाही ती झाली! बांगड्यानं ऐकलं तर त्याला काय वाटेल, याचा विचार कुणी करत नाही.

आणि गोव्यातली कालची कडी घ्या. रात्रीची उरलेली आमटी सकाळी मंद आचेवर आटवायची, दाट झाली की पाव बुडवून खायची. तिच्यात मासा बहुधा नसतोच. रात्रीच संपलेला असतो. उरतो एखादा काटा आणि तिरफळाची सालं. तरी त्या पातेल्यासाठी घरातली माणसं लवकर उठतात. जाणती बाई म्हणूनच बाजारातून माशांचा एकच वाटा आणते आणि घरी येऊन दोन नारळ फोडते. एरवी कोथिंबिरीच्या जुडीचा हिशेब विचारणारे सासरे यावर चकार शब्द काढत नाहीत.