बापूसाहेब आणि बिनपैशांचा वाद्यवृंद

बापूसाहेबांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत न्यू जर्सीच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून ‘अहो बापूसाहेब’ अशी हाक मारा, तीन गराजं उघडतील आणि तिन्हींतून बापूसाहेबच बाहेर येतील. वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी कॉम्प्युटरची, गराजमध्ये कॉस्टकोच्या पाण्याच्या बाटल्यांची थप्पी आणि गाडीच्या डिकीत बारा महिने एक घडीचं म्युझिक स्टँड. स्वतः बापूसाहेबांचा संगीताशी संबंध आरतीपुरता, आणि तिथेही ते प्रसादाच्या बेतानेच पोचतात.

जगातल्या कुठल्याही गोष्टीची योग्यता ठरवायला त्यांच्याकडे दोनच मापं आहेत: फी किती, आणि नंबर कितवा. फी जास्त तो क्लास चांगला, नंबर वरचा ते मूल चांगलं. या मापांनी थोरल्याला त्यांनी कुमॉन, टेनिस आणि स्पेलिंग बीमधून पार करून कॉलेजात पोचवलं. धाकटी बबडी वाद्यवृंदात गेली आणि मापांचा घोळ झाला.

सुरुवात रीतसर झाली होती. इथल्या बऱ्याच सरकारी शाळांत चौथीच्या सुमारास मुलांच्या हातात वाद्य देतात. शिकवणं शाळेत, वाद्य महिन्याच्या भाड्याने. बबडीने व्हायोलिन घेतलं. ती सहावीत गेल्यावर बापूसाहेबांनी एक्सेलमध्ये तक्ता मांडला. आपल्या गावात व्हायोलिन वाजवणारी मुलं किती, आणि व्हिओला वाजवणारी किती? व्हिओलाच्या रकान्यात जवळजवळ शुकशुकाट. ‘सप्लाय कमी, डिमांड भरपूर,’ ते मला म्हणाले, ‘कॉलेजवाले व्हिओला दिसला की उड्या मारतात म्हणे.’ त्या ‘म्हणे’वर मुलीचं वाद्य बदललं. व्हिओला दिसायला व्हायोलिनसारखाच, पण अंगाने मोठा. व्हायोलिनची वरची बारीक तार त्याला नाही, त्याऐवजी खाली एक जाड तार. वाचायची स्वरलिपीही वेगळी. आणि वाद्यवृंदात त्याच्या वाट्याला मुख्य सूर कमी, मधले भरणीचेच फार. हे शेवटचं बापूसाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. बबडीला मात्र ते मधले सूरच आवडून बसले. हे तक्त्यात कुठेच नव्हतं.

शाळेच्या वसंतातल्या कार्यक्रमाला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पोरं द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीचा शेवटचा भाग वाजवत होती. या अख्ख्या सिम्फनीत झांजेचा ठोका एकच आहे, आणि तोही जोराचा नाही. झांजा धरलेला मुलगा मागे ताटकळत उभा. बापूसाहेबांचं लक्ष बबडीवरून उडालं आणि त्या मुलावर खिळलं. ‘हा कधी वाजवणार?’ ठोका झाला, तो त्यांना ऐकूच आला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी त्या मुलाच्या वडिलांना गाठलं आणि अत्यंत आपुलकीने विचारलं, ‘याच्या क्लासची फी किती पडते हो?’ तो मराठी नसता तर एवढ्या मनमोकळेपणाने विचारलं नसतं, पण होता. दोन्ही बापूसाहेब मग पार्किंगमध्ये बराच वेळ प्रति ठोका खर्चाचा हिशेब करत उभे राहिले.

आणि मग बबडीच्या बाईंनी ते नाव काढलं: कार्नेगी हॉलचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद. देशभरातून शंभराहून अधिक मुलं निवडायची, वय सोळा ते एकोणीस. न्यूयॉर्कच्या उत्तरेला पर्चेस कॉलेजात उन्हाळ्यात शिबिर. नामांकित वाद्यवृंदांतले वादक येऊन शिकवणार. मग कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम आणि पुढे दौरा. २०१३ सालचा पहिलाच दौरा वॉशिंग्टन, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग आणि लंडन असा झाला होता. काळी जाकिटं, लाल पँटी, पायात कॅनव्हासचे कॉन्व्हर्स, अशा वेषात ही पोरं जगभर वाजवून येतात.

‘किती?’ बापूसाहेबांनी विचारलं.

‘काही नाही,’ बबडी म्हणाली. ‘फ्री आहे.’

बापूसाहेबांच्या चेहऱ्यावरचा आनंद तिथल्या तिथे मावळला. आतापर्यंत गावच्या युवा वाद्यवृंदाला ते वर्षाला काही हजार डॉलर मोजत होते, त्यामुळे तो वाद्यवृंद उत्तम होता. हा फुकट, म्हणजे याच्यात कुठेतरी पाणी मुरत होतं. नियमावली त्यांनी घराच्या कर्जाच्या कागदांसारखी वाचून काढली. राहायचे पैसे? नाहीत. जेवणाचे? नाहीत. विमानाचे? नाहीत. शिकवणाऱ्यांचे? तेही नाहीत.

‘मग हे लोक खातात काय?’ त्यांनी मला फोनवर विचारलं.

एकदा ऑरलँडोत फुकट नाश्त्याच्या मोहाने बापूसाहेब टाइमशेअरच्या भाषणात सापडले होते. तेव्हापासून ‘फ्री’ हा शब्द ऐकला की त्यांचा हात आपोआप पाकिटाकडे जातो, काढायला नव्हे, धरून ठेवायला. ‘आवळा देऊन कोहळा काढायचा डाव दिसतोय,’ ते म्हणाले. ‘शेवटी पोरांच्या गळ्यात काहीतरी मारतील बघा.’

मी समजावलं. देणगीदार देतात, शतकभरापासून देत आलेत. त्या ‘न्यू वर्ल्ड’चाच दाखला दिला. १८९२ मध्ये द्वोर्झाक न्यूयॉर्कला आला तो जनेट थर्बर नावाच्या बाईंनी काढलेल्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून. गुणी पण गरीब मुलांना त्या शाळेत फी माफ होती, आणि काळ्या मुलांनाही दार उघडं होतं. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. आणि ती सिम्फनी पहिल्यांदा वाजली ती १८९३ च्या डिसेंबरात, कार्नेगी हॉलमध्येच.

‘त्याला पगार किती होता?’

‘वर्षाला पंधरा हजार डॉलर.’

‘अठराशे ब्याण्णवचे पंधरा हजार?’ पलीकडे कॅल्क्युलेटरची टकटक ऐकू आली. त्या क्षणापासून द्वोर्झाक बापूसाहेबांच्या लेखी मोठा संगीतकार झाला. तो स्वतः तरुणपणी प्रागच्या नाटकघरात व्हिओला वाजवत असे, हे सांगितल्यावर तर ते भावाचं नातं जोडूनच बसले.

तरी शंका पुरती फिटली नव्हती. ती फेडली मेहली मेहतांनी. झुबिन मेहतांचे हे वडील. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी उभी केली आणि पुढे लॉस एंजेलिसला जाऊन १९६४ मध्ये तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिम्फनी हा वाद्यवृंद काढला. वयाची नव्वदी आली तोवर ते त्याचं संचालन करत होते. त्या वाद्यवृंदात वाजवायला फी नव्हती आणि ऐकायलाही बहुतेकदा तिकीट नसे. २०२४ मध्ये तो बंद झाला, ते मात्र मी बापूसाहेबांना सांगितलं नाही. पैशाअभावी असं काही त्यांना वाटलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

‘मुंबईचा माणूस,’ ते म्हणाले. ‘मग ठीक आहे.’

अर्ज व्हिडिओने करायचा होता. ध्वनिमुद्रणासाठी तळघर ठरलं आणि घरात आणीबाणी पुकारली गेली. डिशवॉशर बंद, वॉशिंग मशीन बंद, शेजारच्या घराचं गवत कापणाऱ्या माणसाला बापूसाहेबांनी स्वतः जाऊन लिंबू सरबत पाजून थोपवून धरलेलं. सगळं जमून आलं, बबडी शेवटच्या ओळीवर होती, आणि वर स्वयंपाकघरात कुकरने तिसरी शिट्टी दिली. बापूसाहेबांचा आग्रह की शिट्टी बरोबर सुरात होती, राहू दे. वहिनींनी त्यांना आवरलं. त्या रविवारी सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला.

आणि बबडी निवडली गेली. बापूसाहेबांनी अभिनंदनाचे पहिले पाच फोन सुरळीत घेतले. सहावा कुणा चौकस माणसाचा असावा, कारण संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा काळजीत होते.

‘कितवी आली हेच कुठे लिहिलेलं नाही.’

‘निवड झाली ना?’

‘निवड झाली, पण नंबर? पहिली खुर्ची का शेवटची?’

शिबिर सुरू झाल्यावर बबडीने फोनवर सहज सांगितलं की आम्ही दोघी-दोघी एका स्टँडवर बसतो, मी आतल्या बाजूला, म्हणून पानं मी उलटते. बाहेरच्या बाजूचा वादक वाजवत राहतो आणि आतला क्षणभर थांबून पान उलटतो, ही सगळ्या तंतुवाद्यांची जुनी रीत. बापूसाहेबांना ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

‘पानं उलटते?’ ते वहिनींना म्हणाले. ‘एवढी ऑडिशन देऊन पोरीला पानं उलटायला नेली?’ रात्री झोपेतून उठून त्यांनी संयोजकांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्या परिच्छेदात मुलीचे गणितातले मार्क होते. वहिनींनी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. ‘अहो, गणपतीत आरतीला पन्नास जण टाळ वाजवतात. तुमचा टाळ वेगळा ऐकू आला का, असं कुणी विचारतं का तुम्हाला?’

‘मी टाळ वाजवत नाही, मी कापूर लावतो,’ बापूसाहेब म्हणाले. पण पत्र गेलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. पोरांना सगळं फुकट, श्रोत्यांना तिकीट, हे समजल्यावर बापूसाहेब खरोखर सुखावले. मेनूत किंमत दिसली की त्यांना जेवण जातं तसा हा प्रकार. न्यू जर्सीतून न्यूयॉर्कला शिरताना जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर टोल लागतो, परत येताना लागत नाही. तोही त्यांनी त्या दिवशी तक्रार न करता दिला. सत्तावन्नाव्या रस्त्याजवळच्या पार्किंगचा दर वाचून मात्र ते पाटीसमोर थोडा वेळ उभे राहिले.

आत सभागृहात सगळे गज एका दमात वर-खाली होत होते. बापूसाहेब कानाला हात लावून, मान तिरपी करून, मुलीचा व्हिओला शोधत होते. डोळ्यांनी सापडला, कानांनी नाही. त्यांनी डोळे मिटून बघितले, दुर्बीण लावून बघितली, मध्यंतरात जागा बदलून बघितली. शेजारच्या अमेरिकन आजीबाईंनी त्यांना हलक्या आवाजात विचारलं, तुमचं कोण आहे त्यात? ‘ती,’ बापूसाहेब म्हणाले, आणि बोट दाखवताना ते किंचित चुकून दुसऱ्याच मुलीवर गेलं. दोन ओळी मागे बसलेल्या मला ते दिसलं, पण सांगायला कोण जाणार?

नंतर बाहेर गर्दीत बबडी भेटली. लाल पँट, घामेजलेलं कपाळ, गळ्यात पेटीचा पट्टा.

‘छान झालं,’ बापूसाहेब म्हणाले. ‘पण तुझा आवाज काही वेगळा आला नाही.’

‘एकदा आला होता, बाबा. रिहर्सलमध्ये. कंडक्टरने सगळ्यांना थांबवलं.’

पोरगी हसत मैत्रिणींकडे पळाली. बापूसाहेब परतीच्या पुलावर गप्प होते. टोल नव्हता म्हणूनही असेल. पुढच्या आठवड्यात ते आले ते हातात कागद नाचवत. त्यांनी एका वाद्यवृंदाला देणगी दिली होती.

‘दोनशे डॉलर,’ ते म्हणाले. ‘फुकटाचं ओझं नको डोक्यावर. आणि कंपनी तेवढेच वरून घालते. म्हणजे बघा, दोनशेत चारशेची पावती. टॅक्समध्ये चारशे वजा.’

वहिनी दुसऱ्यांचे टॅक्स भरून देतात. त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं, ‘पावती तुमच्या दोनशेचीच मिळते. कंपनीचे दोनशे कंपनीच्या खात्यात धरतात.’

बापूसाहेबांनी कागद पुन्हा वाचला, उलटा करून पाहिला.

‘म्हणजे,’ ते कळवळून म्हणाले, ‘कंपनीचे दोनशे फुकटच गेले की!’