पद्मिनी आणि घरातली हत्यारं : पहिला धडा

आधी गाडी हवी. ती विकत घ्यावी लागत नाही. खांब गावात कुणाच्या तरी पडवीशेजारी ताडपत्रीखाली ती असतेच आणि मागच्या सीटवर कोंबडी उबवणीला बसलेली असते. तिचे एकवीस दिवस भरू द्यात. कोंबडीला घाई केलेली चालत नाही, इंजिनालाही नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या या फियाटला पद्मिनी हे नाव मिळालं १९७४ साली. २०२१ च्या केंद्रीय नियमानं पन्नास वर्षांपुढची गाडी ‘विंटेज’ ठरते. हा नियम छापून घरच्यांना दाखवा. उपयोग होत नाही, पण दाखवा.

आता हत्यारं. हॅक्सॉचं तुटकं पातं फेकू नका. त्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर आणि प्लगची फटही जवळपास तेवढीच. मापताना पात्याची पाठ घालायची. दात दोन्ही अंगांना वाकवलेले असतात, ते खोटं माप देतात. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर हा डॉक्टरचा स्टेथोस्कोप: टोक चालू इंजिनाला, मूठ कानाला. खडखड पाण्याच्या पंपाची की टॅपेटची, ते कळतं. फक्त पंख्यापासून उपरणं दूर ठेवा.

खरी गंमत दोरीत आहे. हेड न उतरवता व्हॉल्व्हची स्प्रिंग काढायची, तर व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून खालून आधार लागतो. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, पिस्टन थोडा खाली ठेवून, प्लगच्या भोकातून दोरी सरकवा. मग गाडी टॉप गिअरला टाकून हळूच पुढे ढकला. पिस्टन वर येतो, दोरी दाबली जाते आणि व्हॉल्व्ह जागेवर राहतो. सुतळी नको, तिच्या काड्या आत राहतात. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी उत्तम, ती सोडण्याआधी कपडे मात्र काढून ठेवा. दोरीचं एक टोक बाहेरच राहायला हवं. आणि पुशरॉडच्या भोकांत फडकी कोंबा, कारण व्हॉल्व्हचं इवलंसं लॉक निसटलं की थेट तेलाच्या चेंबरमध्ये जातं आणि दुसरा धडा आजच सुरू होतो.

चाचणीसाठी २०११ पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग दारातच आहे. कोलाडपर्यंत जाऊन या. कोणता बोल्ट सैल आहे हे शोधावं लागत नाही, तो स्वतः खाली उतरतो. येताना मागे जाऊन तो उचला.

उन्हाळ्यात मात्र सुकेळी खिंडीत गाडी थांबणार हे धरूनच निघा. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि इंजिनावरचा पंप ती वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाका आणि सावलीत बसा. मदतीला लोक येतील. त्यांच्या हाती पाना देऊ नका, पाणी आणायला पाठवा.