पाहुणे आले, आता पोरांना आवरा

प्रति,
मा. प्रमुख पाहुणे,
वार्षिक स्नेहसंमेलन, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
जिल्हा धाराशिव. (गाव कोणतंही धरा. भाषण तेच आहे.)

विषय : आपल्या कार्यक्रमात मुलांनी व्यत्यय आणल्याबद्दल दिलगिरी.

महोदय,

आपण अमूल्य वेळातून वेळ काढून आमच्या गावी आलात, त्याबद्दल समस्त ग्रामस्थांच्या वतीनं आभार. पत्रिकेवर सायंकाळी पाच अशी वेळ छापली होती, आपण सव्वासातला आलात. सतरंजीवरच्या काही पालकांनी कुरकुर केली, पण त्यांना जनरीत कळत नाही. वेळेवर येतो तो पालक, उशिरा येतो तो पाहुणा आणि नुसता शुभेच्छा संदेश पाठवतो तो उद्घाटक. ज्याची त्याची पायरी असते.

तेवढ्या वेळात फार काही बिघडलं नाही. बालाघाटावरची जानेवारीतली थंडी पोरांच्या अंगवळणी पडलेली आहे. पहिलीच्या मुली दुपारपासून पावडर-लिपस्टिक लावून बसल्या होत्या. रंग जाईल म्हणून पाणीसुद्धा पीत नव्हत्या. दुसरीतल्या शिवबाची काजळानं काढलेली मिशी गालभर पसरली. त्याच्या आईनं ती पदरानं पुसून पुन्हा काढली, आणि ती दुसऱ्यांदा पसरेपर्यंत आपली गाडी फाट्यावर आली होती. कोळीनृत्यातली एक कोळीण आजीच्या मांडीवर टोपलीसकट झोपून गेली. (तेरणेच्या धरणापलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या पोरींना दरसाल कोळीनृत्यच का, असं कृपया विचारू नये. त्याचे ड्रेस भाड्यानं लगेच मिळतात.)

"सर, पाव्हणे कवा यायलेत?" असं पोरं दर पाच मिनिटांनी विचारत होती. "यायलेत, यायलेत," असं सर सांगत होते. आपण आलात तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या पोरांनी वाजवल्या. तो आपल्याविषयीचा आदर होता, असं समजायला हरकत नाही.

मग मूळ कार्यक्रम सुरू झाला. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकमेकींना लावून, वर फळ्या टाकून केलेलं आमचं स्टेज. त्यावर सोफा, सोफ्यामागे खुर्च्या, खुर्च्यांमागे आपल्यासोबतची मंडळी. दीपप्रज्वलन झालं, म्हणजे आपण पेटवलंत आणि वाऱ्यानं विझवलं, असं फोटो नीट येईपर्यंत चाललं. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, त्यात आपलं नाव चालीत बसवण्यासाठी म्याडमनी दोन मात्रा कुठून तरी उसन्या आणल्या होत्या. मग फेटे, शाली, श्रीफळं. ज्यांचे सत्कार झाले त्यांनी सत्कार करणाऱ्यांचे सत्कार केले. एका माजी सदस्यांचा नामोल्लेख राहून गेला, म्हणून तेवढा भाग नव्यानं झाला. शालेय वाङ्मयात याला 'थोडक्यात स्वागत' म्हणतात.

आणि आपलं भाषण! "मी फार वेळ घेणार नाही" या वाक्यानं आपण सुरुवात केलीत, तेव्हाच जाणत्या मंडळींनी पाय पसरले. आजची मुलं उद्याचे नागरिक आहेत, हे आपण सांगितलंत. नेमकं तेव्हा त्यातले निम्मे नागरिक पेंगत होते. जिल्ह्याचं नाव 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण भाषण अजून जुन्याच नावानं चालू आहे. नाव बदलायला केंद्राची मंजुरी लागते, भाषण बदलायला कुणाचीच लागत नाही, म्हणून ते राहून जात असावं.

मोबाईलनं पिढी बिघडली, हे आपलं म्हणणं तर काळजाला भिडलं. तेवढ्यात आपला फोन वाजला आणि आपण तो घेतलात, त्यामुळे विषय सोदाहरण कळला. जाता जाता एक किरकोळ बाब कानावर घालतो. त्या रात्रीचे सगळे नाच पोरं मोबाईलवरूनच शिकली होती. दुसरा इलाज नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलेसाठी निदेशक आहेत, पण तेही अंशकालीन, सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि तिथला पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या पोरांना कला उपजतच येत असावी, असा कायद्याचा विश्वास दिसतो. म्हणून जे सर गणित शिकवतात तेच शाळा सुटल्यावर व्हरांड्यात फोन भिंतीला टेकवून ठेवतात आणि पोटाचा घेर सांभाळत पोरांना स्टेप दाखवतात. त्या सरांचा सत्कार यादीत नव्हता. नारळ संपले होते.

आपलं भाषण आटोपलं तेव्हा साडेनऊ झाले होते. आता मुलांना कायद्याचं ज्ञान देण्याची वेळ आली. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा लावायचा नाही, हा नियम 2000 सालापासून आहे. आपण बोलत असताना तो कुणालाच आठवला नाही, नाच सुरू होताच साऱ्या मंडपाला आठवला. त्या अर्ध्या तासातही ग्रामस्थांनी कलेची कदर केली. गाणं ऐन रंगात आलं की साऊंडवाला ते बंद करी आणि माईकवर नाव पुकारलं जाई : अमुक रावांकडून 101 रुपये, तमुक आण्णांकडून 51. पोरं एक पाय वर घेऊन तशीच थांबत. बक्षिसाच्या त्या पैशातून शाळेच्या भिंती रंगतात, पंखे येतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून देणाऱ्यांना नावं ठेवत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये पुकारलं तरी नोट तेवढ्याच रकमेची राहते, एवढंच त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

दहाला पाच कमी असताना निवेदक म्हणाले, "वेळेअभावी पुढील कार्यक्रम रद्द करण्यात येत आहेत." वेळेअभावी काय काय गेलं, त्याचा पंचनामा आपल्या माहितीसाठी देतो.

पहिलं, चौथीच्या वर्गाचं नाटुकलं. टँकर गावात येतो आणि घागरींची भांडणं लागतात, एवढीच गोष्ट. कुठल्याही पुस्तकातून घेतलेली नव्हती. उन्हाळ्यात रांगेत उभं राहून कानावर पडलेलं पोरांनी आपसात बोलून बसवलं होतं. "सरक की माय, माझी घागर कवाधरनं हितं हाय" असली वाक्यं होती. तालमीत सरपंचांचं काम करणारी मुलगी अशी काही खाकरायची की व्हरांड्यात पोरं लोळायची. सध्याचे सरपंच सोफ्यावर बसले होते, हा निव्वळ योगायोग.

दुसरा, गोंधळ. तिसरीतल्या एका पोराच्या आजोबांचं संबळ मागून आणलं होतं. ते त्याच्या कमरेला बसेना, म्हणून आजोबांनीच स्वतःच्या उपरण्यानं आवळून बांधून दिलं. डाव्या-उजव्या हातातली काठी बदलायची नाही, वाकडी कुठल्या बाजूला नि सरळ कुठल्या बाजूला, हे त्याला अ-आ-ई येण्याआधी येत होतं. साथीला पत्र्याच्या डब्याला तार लावून शाळेतच केलेलं तुणतुणं, गळ्यात कवड्यांची माळ, हातात दिवटी म्हणून बॅटरी. हे सगळं साडेपाच वाजल्यापासून ट्रॉलीमागे तयार उभं होतं. निवेदन झाल्यावर आजोबांनी गाठ सोडली.

महोदय, तुळजापूरची भवानी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या शाळेत गोंधळ वेळेअभावी रद्द होतो आणि कोळीनृत्य होऊन जातं, याला व्यवस्थापन म्हणतात. कोळीनृत्याचं गाणं पेनड्राईव्हमध्ये असतं, कळ दाबली की वाजतं, कळ दाबली की थांबतं. संबळाला कळ नाही. पोरांचं स्वतःचं जे असतं ते आधी कापलं जातं, याचं कारण तेवढंच. बाकी आमच्या पोरांच्या कानात काय कमी आहे? येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडाईची यात्रा भरते, अणदूरला खंडोबा आहे, आराध्यांचे मेळे घरापुढून जातात. कानात एवढं भरलेलं पोर स्टेजवर चढतं ते ओठ हलवण्यापुरतं. गातो तो स्पीकर.

गोंधळावरून आठवलं. आपल्याला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. गोंधळी उभा राहिला की आधी देवांना आवतण देतो. एकेक देव, त्याच्या गावासकट, नाव घेऊन. ठिकठिकाणच्या देवी येतात, खंडोबा येतो, पंढरीचा विठोबा येतो, गावचा म्हसोबासुद्धा राहत नाही. यादी आमच्या स्वागताच्या यादीपेक्षा लांब असते, तरी ती गाण्यातच उरकते. त्या देवांपैकी कुणालाही फेटा लागत नाही, कुणाचं नाव मागंपुढं झालं म्हणून कुणी रुसत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, आलेल्या एकाही देवानं आजवर उठून मनोगत व्यक्त केलेलं नाही. ते येतात आणि ऐकतात. पाहुणा म्हणून यायचं ते एवढ्यासाठीच, ही आमच्या भागातली फार जुनी समजूत. हल्ली मात्र पाहुण्याच्या हातात माईक आला की अंगात येतं, आणि ते उतरवायला देवऋषी सापडत नाही.

दुसरी एक सोय याच जिल्ह्यात आहे. तेरचे गोरोबाकाका. संतमंडळी जमली असताना कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं हे पाहायला त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, अशी कथा आहे. नामदेव महाराज कच्चे ठरले, आधी रुसले खरे, पण पुढे गुरू शोधायला गेले. पाहुणे ठरवताना शाळा व्यवस्थापन समितीनं ही पद्धत वापरावी, अशी सूचना मी केली होती. समितीनं ती हसण्यावारी नेली. थापटणं कुणी मारायचं, यावर एकमत झालं नाही.

आपण भाषणात म्हणालात, की आपला जिल्हा सांस्कृतिकदृष्ट्या समृद्ध आहे. शंभर टक्के मान्य. 2017 साली इथं 97वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं, जयंत सावरकर अध्यक्ष होते. जानेवारी 2020 मध्ये 93वं साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. दोन्ही वेळी मांडव मोठे होते, गर्दीही झाली. पण नाटक बघणारा माणूस मांडवाबरोबर भाड्यानं येत नाही. तो सात-आठ वर्षांचा असताना ट्रॉलीवर चढून, भर गर्दीत वाक्य विसरून, पुढच्या रांगेतल्या आईकडे बघून पुन्हा आठवून तयार होतो. मुंबईत सुधा करमरकरांनी 1959 साली 'लिटल थिएटर' काढलं, तेव्हा मुलांच्या नाटकालाही नेपथ्य, प्रकाश, तालीम सगळं मोठ्यांच्या तोडीचं हवं, हा त्यांचा हट्ट होता. आमचा हट्ट एवढा मोठा नाही. आम्हाला प्रकाशयोजना नको. बल्ब आहे. फक्त त्या बल्बखाली वर्षातून एक संध्याकाळ पोरं असावीत.

यावर कुणी म्हणेल, पाहुणेच नकोत मग. छे! पाहुण्यांशिवाय शाळेला शोभा नाही. संगणक कोण देणार, कंपाउंडचं कोण बघणार, पत्र्याच्या खोलीचा प्रस्ताव पुढं कोण सरकवणार? शिक्षक आपल्याला बोलावतात ते आपल्या वक्तृत्वासाठी नव्हे, पावसात गळणाऱ्या दोन वर्गखोल्यांसाठी, हे आपल्यालाही कळतं आणि त्यांनाही. तेव्हा आपण याच. फक्त पुढच्या वर्षीची व्यवस्था आम्ही थोडी बदलायची म्हणतो.

सोफा स्टेजखाली, पहिल्या रांगेत, पोरांच्या तोंडासमोर ठेवू. सत्कार पोरांच्या हस्ते, सगळ्यांचा एकदम, एका गाण्याच्या आत. पत्रिकेवर पहिला नंबर पोरांनी स्वतः बसवलेल्या कार्यक्रमाचा, पेनड्राईव्ह शेवटी. वेळ कमी पडलाच तर कोळीनृत्य पुढच्या वर्षावर जाईल, टोपल्या परत देऊ. बक्षिसं पुकारायची ती गाणं संपल्यावर. आणि आपल्यासाठी खास मान म्हणून गोंधळात देवांच्या आवतणानंतर आपलं नाव आपल्या गावासकट घेऊ. देवांच्या पंगतीला बसल्यावर त्यांचा नियम आपल्यालाही लागू होईल, हे ओघानं आलंच.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सतरंजीवरचा एक पालक

ता. क. : आपल्या भाषणाविना गावाला चुकल्यासारखं होईल, हे आम्ही जाणतो. म्हणून ते वाया जाऊ दिलेलं नाही. चौथीतल्या त्या सरपंच झालेल्या मुलीनं ते एकदाच ऐकून पाठ केलंय. मधला फोन, खाकरणं, "आणखी एकच मुद्दा" हे चारदा म्हणणं, सगळं आलंय. सरांनी घड्याळ लावून पाहिलं : अडीच मिनिटांत बसतं. पुढच्या वर्षी पत्रिकेत 'एकपात्री' या सदरात ते आपल्या समोरच सादर होईल. आवडलं तर 101 रुपये द्यावेत, पण तिचं संपल्यावर.