विवाहफलक व बाणविचार

विवाहफलक म्हणजे लग्न कोणाचे आहे, हे लग्नाला येऊन पोहोचलेल्यांना सांगणारा फलक. तो कार्यालयाच्या दारात उभा करतात. त्यामुळे ज्याला पत्ता सापडला, त्यालाच तो वाचता येतो.

फलकाची मांडणी ठरलेली आहे. माथ्यावर गणपती, त्याखाली कुलदैवत प्रसन्न, मग चि. आणि चि. सौ. कां., आणि मध्ये प्री-वेडिंगचा फोटो. तळाचा पट्टा 'स्वागतोत्सुक' मंडळींचा. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. दहा बाय आठच्या फलकाचे ऐंशी चौरस फूट भरतात आणि त्यातली निम्मी जागा चुलते, मावसे, आतेभाऊ व मित्रमंडळ यांना लागते. कोणाच्या फोटोचा गोल किती मोठा, यावर घरात बैठका होतात. ज्या काकांचा फोटो राहतो ते अक्षता टाकून न जेवता निघतात. म्हणून प्रूफ आदल्या रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सॲपवर फिरत राहते. एवढ्या नजरांखालून जाऊनही 'आशीर्वाद'मधला रफार 'शी'वर बसलेला कोणालाच दिसत नाही. सगळे आपापला फोटो बघत असतात.

आतले फलक किरकोळ आहेत. आरशावर सोनेरी अक्षरांत दोघांच्या नावांची मोडतोड करून केलेला हॅशटॅग. 'कृपया आहेर आणू नयेत' आणि त्याखालीच पाकिटे लिहून घेणारे टेबल. हात धुवायची जागा कोठे, हे सांगणारा फलक मात्र नसतो.

आता बाण. लग्नातला खरोखर उपयोगी असा हा एकच फलक. त्यामुळे तो सर्वांत शेवटी, सर्वांत स्वस्तात आणि घरातल्या सर्वांत रिकाम्या पोराकडून करवून घेतात. ए-फोर कागद, प्लास्टिकचे कव्हर, वरवधूंची आद्याक्षरे आणि खाली बाण. तो विजेच्या खांबाला एकाच सुतळीने बांधतात, म्हणजे वारा येईल तसे लग्न फिरते. रस्ता डावीउजवीकडे फुटून समोर नुसती भिंत असते, तेथे हटकून 'सरळ' दाखवणारा बाण लावतात. तिथी दाट असली की बायपासला ओळीने पाच लॉन्स, पाचही लग्नांचे बाण एकाच खांबावर, आणि त्यांतल्या दोहोंची आद्याक्षरे सारखी. निमंत्रित मग एका मांडवात शिरतात, वेलकम ड्रिंक घेतात, कोणाच्या तरी मामांना नमस्कार करतात आणि स्टेजवरची नवरी अनोळखी निघाल्यावर पाकीट खिशात परत घालून बाहेर पडतात. पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटे. छत्तीसही नाही, अडतीसही नाही! आणि पत्ता? 'बायपास रोड, पेट्रोल पंपाजवळ'. त्या रस्त्यावर पेट्रोल पंप तीन. मोबाइलवर पाठवलेले लोकेशन लॉन्सच्या मागच्या भिंतीशी, उसाच्या शेतात नेऊन सोडते. सत्तरीतल्या आत्याबाई वैशाखाच्या उन्हात रिक्षात बसून तासभर तिन्ही पंप पालथे घालतात आणि पोहोचतात तेव्हा जेवणाची दुसरी पंगत उठलेली असते. वर 'उशीर केलात आत्या' हे ऐकावे लागते ते वेगळेच. फोटोंवर ऐंशी चौरस फूट उधळणाऱ्या स्वागतोत्सुकांपैकी एकालाही चौकात उभे राहून दोन तास हात दाखवता येत नाही. स्वागताला उत्सुक आहेत ना? मग रस्त्यावर या!

फलक लावण्याबाबत कायदाही आहे. सार्वजनिक नजरेस पडेल अशा जागी लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावण्यास राज्यात 1995च्या विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. शुभकार्याला तो लागू नाही अशी सर्व वरपित्यांची समजूत असते, आणि वधूपिते या बाबतीत त्यांच्याशी प्रथमच सहमत असतात.

लग्नानंतर दारातला फलक त्याच रात्री उतरतो, कारण लोखंडी फ्रेम मांडववाल्याची असते. फ्लेक्स गोठ्याच्या छपरावर किंवा कांद्याच्या चाळीवर जातो आणि स्वागतोत्सुक मंडळी पावसाळाभर कांदा झाकतात. बाणाला मोल नसल्याने तो खांबावरच राहतो. पुढच्या तिथीला त्याच्याच सुतळीत दुसरा बाण खोचतात. तो उलट दिशेचा असतो.